भाडेकरूसाठी केलेलं स्वयंपाकघर

घरापुढं दोन गाड्या उभ्या होत्या. एक पुण्याला जाणारा टेम्पो, दुसरी माझ्या दिराची, गजाननची, पिकअप. ती दारव्ह्याला जाणार होती. कुठलं सामान कुठल्या गाडीत चढवायचं हे मी आदल्या दिवशीच खडूनं लिहून ठेवलं होतं. आमच्या खोक्यांवर 'पु', सासूबाईंच्या सामानावर 'दा'. हमालांना एकदाही विचारावं लागलं नाही. जे घरातच राहणार होतं त्यावर काही लिहिलं नव्हतं: पंखे, कूलर, पाण्याची टाकी, ओट्याखालच्या ट्रॉल्या.

सासूबाईंना मी आई म्हणते. आई पिकअपच्या पुढच्या सीटवर जाऊन बसल्या होत्या. मांडीवर मसाल्याचा डबा. तो त्यांनी कुठल्याच खोक्यात घालू दिला नव्हता. गाडी सुरू झाल्यावर काच खाली करून त्यांनी मला विचारलं, "गॅस बंद केला का वं?" मी म्हटलं, सिलिंडर कालच काढलं, बंद करायला आता काही उरलेलं नाही.

"तरी एकदा पाहून घे."

मी आत जाऊन आले. स्वयंपाकघर रिकामं होतं, धुऊन पुसून लख्ख. नवा ग्रॅनाइटचा ओटा, त्याखाली ट्रॉल्या, आणि वर भिंतीत एक खिडकी, जिच्या चौकटीभोवतीचं सिमेंट अजून रंगवायचं राहिलं होतं. बाहेर येऊन मी आईंना सांगितलं, पाहिलं, सगळं बंद आहे. त्यांनी मान हलवली आणि काच वर केली.

यवतमाळजवळच्या लोहाऱ्याहून दारव्ह्यापर्यंत दोन्ही गाड्यांचा रस्ता एकच होता. पिकअप पुढं, टेम्पो मागं, आणि टेम्पोत ड्रायव्हरशेजारी मी. नवरा विलास आधीच पुण्याकडं होता, मुलगी ऋतुजा त्याच्याकडं आठवडाभर आधी गेली होती. दारव्ह्यात पिकअप गावात वळली, आम्ही सरळ निघालो. मी हात केला. आईंचं लक्ष नव्हतं, त्या गजाननला काहीतरी बजावत होत्या. एका घराचं सामान दोन दिशांना गेलं, एवढंच झालं. रडणं वगैरे कुणाचं झालं नाही. टेम्पोवाल्याला उन्हाच्या आत पुढचं गाव गाठायचं होतं.

याला आता दोन वर्षं होऊन गेली. तुमच्यापैकी जे यवतमाळातच आहेत आणि जे आमच्यासारखे निघाले किंवा निघायच्या बेतात आहेत, ते मला फोनवर एकच प्रश्न विचारतात, कारण आमच्या घरी काय झालं ते त्यांना उडत उडत माहीत आहे. पुढंमागं घर भाड्यानं द्यायचं आहे, तर त्याआधी स्वयंपाकघर नवं करून घ्यावं का? त्याचा उपयोग होतो का? प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढलेलं बरं.

आमचं घर लोहाऱ्याच्या कॉलनीत. सासरे पाटबंधारे खात्यात कारकून होते, त्यांनी नोकरीत असतानाच ते बांधलं आणि आईंच्या नावावर केलं. तीन खोल्या एकामागे एक, रेल्वेच्या डब्यांसारख्या: पुढची बैठक, मधली खोली, शेवटी स्वयंपाकघर. मधल्या खोलीचं एक दार बाजूच्या बोळात उघडतं. विलास जवळच्याच औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात सुपरवायझर होता, सायकलनं जायचा, दुपारी जेवायला घरी यायचा. तो कारखाना बंद पडला. तशाच कामाची जागा त्याला चाकणला मिळाली. ऋतुजाची बारावी व्हायची होती, म्हणून मी आणि ती थांबलो आणि तो एकटा गेला. बारावी झाली की आम्ही जाणार हे ठरलेलं होतं. प्रश्न आईंचा होता.

आईंपुढं तीन रस्ते होते. आमच्याबरोबर पुण्याला यावं, गजाननकडं दारव्ह्याला जावं, की एकटीनं यवतमाळात राहावं. तिसरा दोघा भावांनी आणि आम्ही दोघी सुनांनी मिळून खोडून टाकला, कारण त्याआधीच्या उन्हाळ्यात त्या अंगणात चक्कर येऊन पडल्या होत्या आणि शेजारणीनं पाहिलं म्हणून बरं. पहिला त्यांनीच खोडला. चाकणजवळच्या फ्लॅटचे फोटो विलासनं पाठवले, ते त्यांनी एकेक करून पाहिले आणि मोबाइल परत देत म्हणाल्या, "चांगलं हाय. पन खाली पाय टेकवाले जागा कुठं हाय?" राहिलं दारव्हा. तिथं त्यांचं माहेर, ओळखीपाळखी, गजाननचं कपाशी-तुरीचं शेत, जाऊ वर्षाचा स्वभाव चांगला. पण आईंची एक अट होती, आणि ती त्यांनी आम्हां सगळ्यांना समोर बसवून सांगितली.

"घर माह्यं हाय. त्याचं भाडं माह्या हातात आलं पायजे. मंग मी कुठंही राह्यतो. पोराच्या घरी फुकटची भाकर खाऊन मी दिवस काढनार नाई."

गजाननला ते लागलं. तो म्हणाला, आई, तुझ्या भाकरीचा हिशेब कोण ठेवतं. आई म्हणाल्या, "तू नाई ठेवत. मी ठेवतो." त्या दिवसापासून आमचं सगळं जाणं एका गोष्टीवर अडलं: चांगला, टिकणारा, वेळेवर भाडं देणारा भाडेकरू मिळणं. तो मिळाला नाही तर आई दारव्ह्याला जाणार नाहीत, आणि आई एकट्या राहणार असतील तर आम्ही पुण्याला जाऊ शकणार नाही.

मी कामाला लागले. माझी पद्धत ठरलेली आहे. आधी काय हवं ते लिहायचं, मग काय आहे ते, मग मधलं अंतर भरायचं. भाडेकरू कोण येईल? बदलीवर येणारे अधिकारी, बँकेतले लोक, कारखान्यांतले इंजिनिअर. त्यांना काय लागेल? मी माझ्या पाहण्यातली नवी घरं आठवली. सगळ्यांकडं ग्रॅनाइटचा ओटा, ट्रॉल्या, वर कपाटं. आमचं स्वयंपाकघर सासऱ्यांच्या काळातलं. कडाप्प्याचा ओटा, आईंच्या उंचीप्रमाणं बेतलेला, म्हणजे मला वाकून पोळ्या लाटाव्या लागायच्या. भिंतीला उघडी फळ्यांची मांडणी, तिच्यावर डबे. जमिनीच्या एका कोपऱ्यात पाट्याची जागा. ओट्यावर मागच्या परसात उघडणारी एक मोठी खिडकी, जिच्या गजांवर मांजर बसायचं आणि जिच्यातून वानरांनी एकदा केळ्यांची फणी काढून नेली होती.

अशा ओट्यावर साहेबाची बायको स्वयंपाक करणार नाही असं मला वाटलं. शिवाय मधे वर्षभर आम्हालाच त्या घरात राहायचं होतं. आधी आपण वापरू, मग तेच भाडेकरूला मिळेल आणि भाडंही थोडं जास्त मागता येईल, असा सरळ विचार होता. विलासला फोनवर विचारलं तर तो म्हणाला, तू म्हणशील तसं. बंद पडलेल्या कारखान्याकडून त्याला जे मिळालं होतं त्यातला एक भाग यासाठी काढायचं ठरलं.

आईंचं मत वेगळं होतं. "भाडेकरू का ओटा पाहून येते? पानी पाह्यते, शेजार पाह्यते, भाडं पाह्यते." मी म्हटलं, आता तसं राहिलं नाही. त्या म्हणाल्या, मंग कर. आपलं म्हणणं एकदाच सांगायची त्यांची सवय आहे. पुढं काम होईपर्यंत त्यांनी त्याबद्दल एक शब्द काढला नाही.

दिवाळी झाल्यावर, थंडीत, आम्ही कामाला हात घातला. चाकणला विलासच्या एका सहकाऱ्याच्या फ्लॅटमध्ये पाहिलेलं स्वयंपाकघर मी चौकटीच्या कागदावर मापासकट उतरवून आणलं होतं. इंग्रजी एल अक्षरासारखा ओटा, खाली ट्रॉल्या, वर भिंतभर कपाटं. त्या फ्लॅटमध्ये ओट्यावर खिडकी नव्हती, चिमणी होती. आमच्याकडं कपाटांच्या रांगेच्या बरोबर मधे खिडकी येत होती. ती बुजवायची ठरली. कुणीच हरकत घेतली नाही. मिस्त्रीनं घेतली नाही, फर्निचरवाल्यानं घेतली नाही, विलासनं घेतली नाही, आणि आईंनीही नाही. उलट त्या म्हणाल्या, चला, वानरं तरी येनार नाईत. विटा भरल्या, वरून टाइल्स लावल्या, त्यावर कपाटं चढली. भिंत अशी दिसू लागली की तिथं कधी खिडकी होती हे सांगावं लागावं.

पौष-माघात ते स्वयंपाकघर फार चांगलं वाटलं. थंड वारा येत नव्हता, धूळ नव्हती, मांजर नव्हतं. मला पहिल्यांदा ताठ उभं राहून पोळ्या लाटता येत होत्या. आईंना मात्र ओटा उंच पडायचा. त्यांना उभं राहायला मी एक लाकडी पाट ठेवला होता, त्यावर चढून त्या भाजी फोडणीला टाकायच्या. ट्रॉली ओढताना त्या दर वेळी मागं सरकायच्या, जणू आतून काही अंगावर येणार आहे. शेजारपाजारच्या बायका बघायला आल्या. एकीनं ट्रॉली आत-बाहेर करून पाहिली आणि आईंना म्हणाली, मावशी, तुमचे भांडे तर आता गाडीत बसले. आई म्हणाल्या, "हो ना वं. पुन्याले जाची तयारी."

होळी झाली. आमच्याकडं होळीनंतर कूलर उतरवतात, धुतात, नवं गवत भरतात, पंप तपासतात. आम्हीही नेहमीप्रमाणं पुढच्या खोलीच्या खिडकीत कूलर बसवला आणि चालू केला. दोन दिवसांत घर दमट झालं. चादरी ओलसर, वर्तमानपत्र हातात लोळागोळा, मिठाला पाणी सुटलेलं, डब्यातले पापड वातड. गार तर काही वाटत नव्हतं, अंग नुसतं चिकचिकत होतं. मला वाटलं पंप जास्त पाणी सोडतो आहे. पंप बदलला. तेच. गवत बदललं. तेच.

विदर्भात वाढलेल्या कुणालाही हे सांगायची गरज नाही, पण पुण्याच्या मंडळींसाठी सांगते. कूलर बाहेरची हवा ओली करून आत ढकलतो. ती हवा दुसरीकडून बाहेर पडली तरच गारवा लागतो, नाहीतर सगळी वाफ घरात कोंडते. आमच्या घरात ती बाहेर पडायची स्वयंपाकघराच्या खिडकीतून. बैठकीतून मधली खोली, तिथून स्वयंपाकघर, तिथून परस. घर बांधल्यापासून प्रत्येक उन्हाळ्यात हवा त्याच वाटेनं गेली. ती खिडकी उन्हाळ्यात कधी बंदच झाली नव्हती, त्यामुळं ती काय काम करते हे कुणाच्या लक्षात यायचा प्रसंगच आला नव्हता. आणि आम्ही ती बुजवली ऐन थंडीत, कूलर माळ्यावर असताना. मधल्या खोलीचं बोळाकडचं दार उघडून पाहिलं, तर पश्चिमेची झळ आत यायला लागली, आणि शेवटच्या खोलीत वारा तरीही पोचेना. घरातली सगळ्यात नवी खोली, आणि तिथंच बसवेनासं झालं. आई भाजी निवडायला बाहेर ओसरीवर बसू लागल्या.

आणि नेमके तेव्हाच भाडेकरू घर पाहायला यायला लागले, कारण बदल्या उन्हाळ्यातच होतात.

पहिले आले ते एका बँकेतले अधिकारी आणि त्यांची पत्नी. माझ्या यादीतले तंतोतंत. बाईंना ट्रॉल्या आवडल्या. एकेक उघडून पाहिली, कपाटांना हात लावला, ग्रॅनाइटचा रंग छान आहे म्हणाल्या. बोलता बोलता त्यांनी पदरानं मान पुसली. मग पुन्हा पुसली. मग त्या बैठकीत आल्या, नवऱ्याकडं बघितलं, आणि आम्ही कळवतो असं म्हणून दोघं गेले. कळवलं नाही. त्यानंतर आणखी काही कुटुंबं आली. स्वयंपाकघराचं कौतुक सगळ्यांनी केलं आणि घर कुणीच घेतलं नाही. एका बाईनं मात्र तोंडावर सांगितलं, "किचन मस्त हाय ताई, पन इथं उभं राहवून नाई राह्यलं."

ऋतुजाचा निकाल यायचा होता, पुण्यातल्या प्रवेशाची धावपळ समोर होती. विलास तिकडं एका खोलीत दोघातिघांबरोबर राहून डब्याचं खात होता. मी आईंना म्हटलं, तुम्ही सध्या दारव्ह्याला चला, भाडेकरू आम्ही मागाहून पाहू, मिळेलच कुणीतरी. त्या ओसरीवर गवार मोडत होत्या. मोडायच्या थांबल्या नाहीत.

"घर रिकामं ठेवून गेली, तर मी गजाननच्या घरी काय म्हनून जाऊ? तुमी जा. पोरीचं नुकसान नका करू. मी राह्यतो इथंच."

मी म्हटलं, एकट्या कशा राहाल. त्या म्हणाल्या, राह्यन. मी म्हटलं, आणि चक्कर आली तर? त्या म्हणाल्या, "आली तर आली. पन माह्या घरात येईन."

मी आत गेले आणि स्वयंपाकघरात उभी राहिले. घामाघूम झाले. तिथंच विलासला फोन केला आणि सांगितलं की मधली दोन कपाटं काढून भिंत फोडते आहे. सहा महिन्यांपूर्वीच केलेलं काम. तरी तो म्हणाला, फोड. पाच-सहा टाइल्स नीट निघाल्या, बाकीच्या फुटल्या. जुनी चौकट परसात पडलेली होती, तीच परत बसवली. वानरांसाठी आतून जाळी लावली, तेवढी सुधारणा. दोन्ही बाजूंना कपाटं आणि मधे उघडी खिडकी, आणि तिच्याभोवती ओबडधोबड सिमेंट. दिसायला विजोड. पण कूलर लावला आणि थोड्या वेळानं आई ओसरीवरून उठून आत आल्या, ओट्याला टेकून खाली बसल्या. 

त्यानंतर आठवडाभरानं सिस्टर आल्या. सरकारी दवाखान्यात नर्स आहेत, म्हणून आम्ही सगळे त्यांना सिस्टरच म्हणतो. भर दुपारी ड्यूटीवरून थेट आल्या होत्या, एकट्याच. ट्रॉल्यांकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. नळ कधी येतो, टाकी केवढी, मीटर वेगळं आहे का, परसात कपडे वाळतात का, असं सगळं भराभर विचारलं. मला बाई आवडली. मुलाखत मात्र आईंनी घेतली.

"किती जन?"

"चार, आजी. आमी दोघं, मुलगा, सासूबाई."

"रातची ड्यूटी रायते?"

"रायते ना."

"मंग सैपाक कोन करते?"

"सासूबाई. मी फक्त जेवतो."

आईंना हसू आलं. "मंग तू कायले ओटा पाहून राह्यली? त्याईले आन."

दुसऱ्या दिवशी सिस्टर सासूला घेऊन आल्या. त्या माउलीनं आधी मोरीचं पाणी कुठं जातं ते पाहिलं. मग ट्रॉली ओढली, आत वाकून पाहिलं, ढकलून दिली आणि आईंना विचारलं, "याले चाकं कायले लावले?" आई म्हणाल्या, "सुनेले माहीत. मले तर वाटते भांडे पळून जातीन." दोघी म्हाताऱ्या खिडकीखाली जमिनीवर बसल्या आणि त्यांनी तासभर गप्पा मारल्या. कुणाचं माहेर कुठलं, कुणाचे गुडघे किती दुखतात. सिस्टर घड्याळ पाहत होत्या, मी ॲग्रीमेंटचा मसुदा काढत होते. भाडं गल्लीत जे चालतं तेच ठरलं. ट्रॉल्यांचं म्हणून एक पैसा जास्त मिळाला नाही, आणि मी मागितलाही नाही.

तेव्हा प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. स्वतः राहायचं असेल आणि आवडत असेल तर स्वयंपाकघर जरूर करा, पण ते आपल्या हौसेच्या खात्यात लिहा, भाड्याच्या नाही. भाड्याच्या घरात काय कामी आलं ते मी आता दोन वर्षांनी सांगू शकते: त्या कामातच उरकून घेतलेली नवी वायरिंग, न तुंबणारी मोरी, ओट्याखाली बदललेले पाइप, आणि फोडलेली भिंत. ट्रॉल्यांपैकी एकीत सिस्टरांची सासू कांदे ठेवते, एक अडकते म्हणून कायमची उघडी आहे. तक्रार नाही त्यांची. एकदा मी फोनवर ती दुरुस्त करून देऊ का विचारलं, तर सिस्टर म्हणाल्या, राहू द्या ताई, मांजरीनं तिथं पिल्लं घातली आहेत.

काढलेली दोन कपाटं मी पुण्याला आणली. मोशीत आम्ही भाड्यानं राहतो, तिसऱ्या मजल्यावर. घरमालक चिंचवडला असतात. ॲग्रीमेंटमध्ये एक कलम आहे की भिंतीत खिळा ठोकायचा नाही, त्यामुळं कपाटं बाल्कनीत जमिनीवर ठेवली आहेत, एकात चपला, एकात रद्दी. इथल्या स्वयंपाकघरात सगळं आहे. चिमणी, ट्रॉल्या, पाणी शुद्ध करायचं यंत्र. मालकांनी खर्च करून केलेलं दिसतं. मला त्याचं काय वाटतं? काही नाही. मी पहिल्या दिवशी पाहिलं ते एवढंच की वॉशिंग मशीनचं पाणी नीट वाहून जातं का. ग्रॅनाइटचा रंग कुठला आहे हे मला आत्ता, लिहिताना, उठून पाहावं लागलं. भाडेकरू काय पाहतो हे कळायला आधी भाडेकरू व्हावं लागतं.

इथं लिफ्ट आहे, सोसायटीचा मेंटेनन्स आहे, भाजी ॲपवरून येते. यवतमाळात गंज म्हणायचे त्याला इथं पातेलं म्हणतात, आता मीही पातेलंच म्हणते, फोनवर आईंशी बोलताना मात्र परत गंज. कूलर नाही. पहिल्या उन्हाळ्यात मी सवयीनं त्याच्यासाठी खिडकी मोजून ठेवली होती. विलासला कारखान्याची बस घ्यायला येते, दुपारी तो जेवायला घरी येत नाही. ऋतुजा रविवारी होस्टेलवरून आली की तिचं बोलणं ऐकताना मला मधेच लक्ष द्यावं लागतं, इतकी ती इथली झाली आहे. हे सगळं चांगलंच आहे. जे ठरवलं होतं ते झालं.

आईंचंही झालं. भाडं दर महिन्याला त्यांच्या खात्यात जमा होतं. बाजाराच्या दिवशी त्या वर्षाबरोबर बँकेत जातात, पुस्तकावर नोंद करून घेतात. वर्षा सांगते की त्या किराण्याला आपला वाटा देतात आणि तो घ्यायला नाही म्हटलं तर जेवत नाहीत. पहिल्या महिन्यात यावरून गजानन चिडला होता. आता तो काही म्हणत नाही, उलट यंदा कपाशीची वाळकी पऱ्हाटी उपटायला माणसं कमी पडली, मजुरी वाढली, तेव्हा त्यानं आईंकडूनच उसने पैसे घेतले आणि आईंनी ते वसूलही केले. हे सांगताना आईंचा आवाज फोनवर फार खणखणीत होता.

गेल्या महिन्यात त्या इथं आल्या. तिकीट त्यांनी काढलं होतं, स्वतःच्या पैशानं, आणि परतीचंही आधीच. विलास म्हणाला, आई, परतीचं कायले काढलं, राहा ना महिनाभर. त्या म्हणाल्या, आठ दिवस पुष्कळ होते. समोरच्या फ्लॅटमधल्या काकू बसायला आल्या. त्या मूळच्या साताऱ्याकडच्या, बोलक्या. आई मेथी निवडत होत्या. काकूंनी विचारलं, आजी, आता मुलाकडंच राहणार का?

"नाई. मी दारव्ह्याले राह्यतो. घर माह्यं यवतमाळले हाय. इथं पाहुनी आली."

काकूंना ते नीटसं समजलं नसावं, पण त्यांनी मान डोलावली आणि मला विचारलं, मग तुमचंही घर यवतमाळलाच का? मी म्हटलं, हो, तिथंच. खरंच तसं वाटून म्हटलं. निघून दोन वर्षं झाली तरी कुणी घर म्हटलं की मला तीच तीन खोल्यांची रांग दिसते, आणि मी त्यातून मागं ओट्यावरच्या खिडकीपर्यंत चालत जाते.

आईंनी मेथीतून मान वर केली नाही. "तिथं आता सिस्टर राह्यते," म्हणाल्या.

काकू गेल्यावर मी चहाच्या कपबश्या विसळून परत परत पुसत बसले. आईंच्या ते लक्षात आलं असावं. काड्या गोळा करून पेपरात गुंडाळताना त्या म्हणाल्या, "दिवाळीले या तुमी तिघं. दारव्ह्याहून एक दिवस यवतमाळले जाऊ. मी सांगतो सिस्टरले. बाई चांगली हाय, जेवल्याबिगर सोडनार नाई."

मी हो म्हटलं. त्यांचं घर, त्यांची भाडेकरू, बोलावणंही त्यांचंच, तेव्हा नाही म्हणायचा प्रश्न नव्हता. त्या गेल्यावर मी तिकिटं काढली. कुणाच्या घरी पहिल्यांदा जेवायला जाताना रिकाम्या हातानं जायचं नसतं, हे मलाही कळतं. त्या स्वयंपाकघरात कुठल्या नळाला धार बारीक येते आणि कुठली फरशी पोकळ वाजते ते मला पाठ आहे. सिस्टरांच्या सासूला काय आवडतं ते मात्र माहीत नाही. आईंना फोन करून विचारायला हवं.